एक जूनची नोंद

शिरूर
दि. २४ ऑक्टोबर २०२५

चि. विक्रम यास,

आशीर्वाद लिहितो. तो स्वीकारण्याचे बंधन तुझ्यावर नाही. पत्राच्या आरंभी तो लिहिण्याचे बंधन मात्र माझ्यावर आहे.

निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप समूहावर काल एक पत्रक आले. बाळासो गुरुजींनी ते पाठवले आणि खाली ‘अभिनंदन गुरुजी!’ असे लिहून तीन फुगे जोडले. विद्यापीठाच्या विज्ञान शाखेचे आगामी परिसंवाद आणि करिअर वेबिनार यांची ती यादी आहे. भूजलातील क्षार, मृदापरीक्षण, औषधांची शुद्धता असे विषय आहेत. पाचव्या क्रमांकावर तू आहेस : ‘डॉ. विक्रम पोपटराव दसगुडे, कुरकुंभ. विषय : शिष्यवृत्ती हुकल्यानंतरचे रसायनशास्त्र. १९ नोव्हेंबर, सकाळी ११.’

या पत्रकात अकरा चुका आहेत. ‘विद्यार्थ्यांन साठी’ असे एकाच शब्दाचे दोन तुकडे केले आहेत. ‘उपस्थिती अनिवार्य असून इच्छुकांनी नोंदणी करावी’ असे एक वाक्य आहे. उपस्थिती अनिवार्य असेल, तर इच्छेचा प्रश्न उद्भवत नाही. आणि इच्छेचा प्रश्न असेल, तर ती अनिवार्य नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांना हे उमगू नये, याचे आश्चर्य वाटले. ‘वेबिनार’ हा शब्द मला मान्य नाही, परंतु शुद्ध प्रतिशब्द वापरला तर मुले फिरकत नाहीत असे म्हणतात. म्हणून तो मी मोजलेला नाही.

अकरावी चूक तुझ्या नावामागे आहे. तू डॉक्टर नाहीस. एम.एस्सी. आहेस. ज्याने जे मिळवलेले नाही, ते त्याच्या नावाला चिकटू नये. या मालिकेच्या समन्वयक प्रा. तेजश्री कोळपे यांना मी आजच सविस्तर पत्र पाठवले असून ‘डॉ.’ काढून टाकण्याची विनंती केली आहे. हे तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे, म्हणून लिहिले.

आता थोडे विषयाच्या शीर्षकाविषयी. शिष्यवृत्ती हुकणे ही तुझी खासगी बाब आहे. ती का हुकली, याचे तपशील सांगून विद्यार्थ्यांच्या ज्ञानात कोणतीही भर पडत नाही. आमच्या समूहावर एकशे बारा शिक्षक आहेत. त्यांतील पुष्कळ जण नोंदणी करतील. बाळासोंनी तर केलीही आहे. घरातील गोष्टी घरात राहाव्यात, एवढेच सुचवतो.

पोपटराव दसगुडे


शिरूर
दि. ३ नोव्हेंबर २०२५

चि. विक्रम यास,

हे पत्र पोहोचेल तेव्हा तुझी आई तुझ्याकडे असेल. आज सकाळच्या दौंड गाडीने ती निघून गेली. मी थांब्यापर्यंत गेलो होतो. न्हावऱ्यापर्यंत उभे राहावे लागेल, असे मी सांगितले. ती चढली.

काय घडले, ते तिच्या तोंडून तू ऐकशीलच. ती सांगताना क्रम चुकवते, म्हणून मी क्रमाने लिहितो.

शनिवारी सुधारित पत्रक आले. दहा चुका तशाच होत्या. पाचव्या क्रमांकापुढे ‘वक्ता नंतर कळविण्यात येईल’ असे होते. मी प्रा. कोळपे यांना दूरध्वनी केला. त्या नम्रपणे बोलल्या. म्हणाल्या, “सर, ते ‘डॉ.’ आमच्या ऑफिसकडून पडलं होतं. सगळ्या वक्त्यांना लागतं तसं लागलं. विक्रम सरांनी पहिल्याच दिवशी फोन करून काढायला सांगितलं होतं, आमच्याकडून राहून गेलं. तुमचं पत्र आलं म्हणून माहितीसाठी त्यांना पाठवलं. ते वाचून म्हणाले, माझं नावच काढा.”

फोनचा आवाज मोठा ठेवण्याची मला गरज पडते. तुझी आई स्वयंपाकघरात होती. तिने सर्व ऐकले. काल तुळशीचे लग्न लावले, नेहमीप्रमाणे लापशी केली, नेहमीप्रमाणे एक वाटी तुझ्या नावाने बाजूला काढली. आज पहाटे ती तीच लापशी डब्यात भरत असताना मी विचारले, “कोठे?”

“पोराकडं.”

“त्याने बोलावले आहे का?”

“माझ्या पोराकडं जायला मला आवतान लागतंय व्हय?” मग झाकण लावून म्हणाली, “सतरा वरसं त्यो एक शबुद बोलला न्हाई तुमच्याबद्दल. कुणापाशी न्हाई. आता कुठं लोकांनी त्येला बोलाया बोलावलं, तर तुमी चिट्टी लिवून त्येचं तोंड धरलं.”

“मी केवळ सत्य लिहिले. तो डॉक्टर नाही.”

“न्हाई. आन् का न्हाई, त्ये लिवलं का चिट्टीत?”

या वाक्याचा मूळ मुद्द्याशी संबंध नव्हता, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, “तुमच्या वहीत न्हाई म्हणून माझं पोरगं तुळशीच्या लग्नाला जल्मलंच न्हाई, व्हय ना?” आणि पायताण घातले.

तुझे नाव काढावे, असे मी लिहिले नव्हते. एक अक्षर आणि एक पूर्णविराम काढावा, एवढेच लिहिले होते. माझ्या पत्राची प्रत माझ्यापाशी आहे. हवी असल्यास पाठवीन.

तिची रक्तदाबाची गोळी सकाळी जेवणाआधी असते. ती जेवणानंतर घेते. लक्ष ठेवावे.

पोपटराव दसगुडे


शिरूर
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. विक्रम यास,

उत्तर आले नाही. अपेक्षितही नव्हते. तरीही जे घडले त्याची एक नीट मांडलेली हकिकत तुझ्यापाशी असावी, असे वाटते. तुझ्या आईची हकिकत रागाची आहे आणि तुझी, माझ्या समजुतीप्रमाणे, अपुरी आहे.

जून १९८५. वस्तीवरची आपली शाळा दोन शिक्षकी : मुख्याध्यापक मी, आणि दुसरे बाळासो. पट चाळीस भरला नाही तर दुसरी जागा रद्द होईल, असे विस्तार अधिकारी बजावून गेले होते. बाळासोंचे लग्न आदल्याच महिन्यात झाले होते. मी मळ्यामळ्यांत फिरलो. पट एकोणचाळीस झाला. चाळिसावे नाव तुझे घातले.

पहिलीला पाच वर्षे पूर्ण लागत. तुला साडेचार झाली होती. मी प्रवेश नोंदवहीत तुझा जन्मदिनांक १ जून १९८० असा लिहिला. यात काही विपरीत नव्हते. त्या काळी पालकांना मुलाची तारीख विचारली, तर कोणी म्हणे ‘आखाडात’, कोणी म्हणे ‘थोरला बैल मेला त्याच्या फुडल्या साली’. अशा मुलांपुढे एक जून लिहिण्याची रीतच होती. त्याच वर्षी आणखी आठ मुलांपुढे मी एक जून लिहिले आहे. माझी स्वतःचीही एक जूनच आहे. माझी आई सांगत असे की, माझ्या वेळी रानात ज्वारीची काढणी चालू होती. जूनमध्ये कोणती ज्वारी काढतात? परंतु मी कधी तक्रार केली नाही. आजही एक जूनला समूहावर साठ जणांना शुभेच्छा द्याव्या लागतात. तुझी आई म्हणते, “सगळ्या गावाची आई एकच हाय का काय?”

एकदा लिहिले की लिहिले. म्हणून घरातही मी तुझा वाढदिवस एक जूनलाच करायला लावला. नोंद एक आणि व्यवहार दुसरा, असे माझ्या घरात चालणार नव्हते. तुझी आई मात्र तुळशीच्या लग्नाला लापशी करीत राहिली. तू दुसरीत असताना शाळेतून येता येता मला विचारलेस, “गुरुजी, माझे वाढदिवस दोन का?” शाळेच्या वाटेवर तू मला गुरुजीच म्हणावेस, असा नियम होता. मी म्हणालो, “त्यांतला एक चुकीचा आहे.”

“कोणता?”

“आईचा.”

हे तुझ्या लक्षात नसेल.

आता २००८. तू सहा वर्षे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतास. बंगळुरूच्या संस्थेची संशोधन शिष्यवृत्ती तुला मिळाली. अट होती : एक जुलै रोजी वय अठ्ठावीसपेक्षा अधिक नसावे. नोंदीप्रमाणे ते तीस दिवसांनी अधिक भरत होते. खऱ्या तारखेप्रमाणे अडचणच नव्हती. परंतु तुझा जन्म आजोळी झाला आणि तेथे कोणी तो नोंदवला नाही. मूळ नोंद करणाऱ्या मुख्याध्यापकाचे प्रतिज्ञापत्र महिनाअखेरपर्यंत आले तर विचार करू, असे संस्थेने तुला कळवले होते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तू मुद्रांकावर मजकूर टंकून शाळेत आलास. मी कार्यभार सोपवण्याची यादी करीत होतो; ३१ मे रोजी मी निवृत्त होणार होतो. तू सहीच्या जागेवर बोट ठेवलेस आणि म्हणालास, “आबा, नुसतं खरं काय ते लिहायचंय.” मी मजकूर वाचला. शीर्षकात ‘प्रतीज्ञापत्र’ असे पडले होते. ते लाल शाईने दुरुस्त केले आणि कागद तुझ्याकडे सरकवला.

तू म्हणालास, “सही?”

मी म्हणालो, “शाळेच्या दप्तरात आहे तेच खरे.”

त्यानंतर तू पाऊण तास बोललास. मी बाकांची संख्या मोजून यादीत लिहीत राहिलो. तू कागद टेबलावर ठेवून गेलास. ऑगस्टमध्ये तू कुरकुंभला रसायनांच्या कारखान्यात पाळीवर रुजू झाल्याचे मला बाळासोंकडून समजले.

अडतीस वर्षांच्या सेवेत माझ्या नोंदवहीत एकही खाडाखोड नाही. निरीक्षणाला आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने तसा शेरा दिला आहे. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही; माझा निर्णय कोणत्या तत्त्वातून आला, ते तुला कळावे म्हणून लिहितो.

पोपटराव दसगुडे


शिरूर
दि. १४ नोव्हेंबर २०२५

चि. विक्रम यास,

तिसरे पत्रक आज आले. तुझे नाव परत आले आहे, ‘डॉ.’ शिवाय. आता दहाच चुका आहेत.

मी तुझ्या आईला दूरध्वनी केला. “बोलणार हाय त्यो,” ती म्हणाली. “कोळपे बाईंचा दोनदा फोन आला. मी म्हनलं, बोल. तुझ्या बापाला काय वाटंल त्ये वाटू दे.”

“माझ्याविषयी काही सांगणार आहे का?”

“इचारलं न्हाई. आन् इचारणार बी न्हाई. तुमी जेवताय का नीट?”

मी नोंदणी केली आहे. अर्जात जन्मदिनांकाचा रकाना होता. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. भरला.

तू बोलावेस, असे मलाही वाटते. उल्लेख टाळणे अशक्यच झाले, तर ‘एका मुख्याध्यापकांनी’ एवढे म्हणावे. नाव घेण्याचे कारण नाही. यापेक्षा अधिक काही मागण्याचा मला अधिकार नाही. हे वाक्य लिहिण्यास मला तीन कागद लागले.

पोपटराव दसगुडे


शिरूर
दि. २० नोव्हेंबर २०२५

चि. विक्रम,

काल मी दहा वाजताच बसलो. इस्त्रीचा सदरा आणि टोपी घातली. फोन शब्दकोशाला टेकवून ठेवला. ‘आपण प्रतीक्षाकक्षात आहात’ असे वाक्य आले. ते शुद्ध होते.

दोनशे चौदा जण होते. तुझा चेहरा मी नीट पाहिला. केस पिकले आहेत, याची कल्पना नव्हती. तुझ्या मागे भिंतीशी तुझी आई पदर सावरून बसली होती, जणू तिचाच सत्कार आहे.

तू चांगले बोललास. वाक्ये लहान होती. कुरकुंभात पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधलास, आणि वर्षभराने नुसत्या वासावरून रिॲक्टरमध्ये काय चालले आहे ते ओळखू लागलास, हे सांगितलेस. “ज्ञान कुठं वाया जात नाही, पोरांनो, नुसता पत्ता बदलतो,” असे म्हणालास. हे वाक्य मी लिहून घेतले. मी वाट पाहत होतो. तू माझे नाव घेतले नाहीस. ‘एका मुख्याध्यापकांनी’ असेही म्हणाला नाहीस.

मग एका मुलाने विचारले, “सर, फेलोशिप नेमकी कशामुळं गेली?”

“वय तीस दिवसांनी जास्त भरलं.”

“आता किती आहे सर?”

तू हसलास. “आईला विचाराल तर पंचेचाळीस पूर्ण, तिथीनं तुळशीच्या लग्नाला, तारखेनं आज. कंपनीत विचाराल तर जूनमध्येच झाले.” पुष्कळ मुले हसली. एक मुलगी म्हणाली, “मग सर, खरा वाढदिवस कोणता?”

तू पाण्याचा पेला हातात घेतलास. मग म्हणालास, “लहानपणी मीही हेच विचारलं होतं.” आणि पाणी प्यालास.

म्हणजे तुझ्या लक्षात होते.

तेव्हा मी हाताचे चित्र दाबले. कोळपे म्हणाल्या, “पोपटराव दसगुडे, बोला सर.” माझ्यापाशी मजकूर लिहून तयार होता. माझे बोलणे चालू असताना वर्गात मध्ये कोणी बोललेले मला कधी चाललेले नाही. म्हणून मी फोनचा आवाज प्रथम पूर्ण बंद केला आणि मग वाचले. चार मिनिटे लागली. कोणी मध्ये बोलले नाही. मी कागदाची घडी घातली. आवाज पुन्हा सुरू केला, तेव्हा एक मुलगा मुलाखतीच्या तयारीविषयी विचारत होता. मला वाटले, सर्वांनी ऐकले आणि मोठेपणाने विषय बदलला. मला हलके वाटले, हे कबूल करतो.

दुपारी तुझ्या आईचा दूरध्वनी आला.

“अवो, काय बोलत व्हता? नुसतं तोंड हालत व्हतं.”

“म्हणजे?”

“आवाजच न्हाई! त्या बाई चार येळा म्हनल्या, सर, माइकचं बटन दाबा. सर, ऐकू येत न्हाई. तुमी आपलं वाचताय. पोरं हसाया लागली.”

“विक्रम हसला का?”

“न्हाई. बघत व्हता. मी म्हनलं, आरं फोन लाव, सांग त्येन्ला. तर म्हनला, राहू दे आई. मी पाऊण तास बोललो तवा आबांना बी ऐकू गेलं न्हवतं.”

मी टोपी काढून शब्दकोशावर ठेवली.

“पर एक सांगू का,” ती म्हणाली. “त्या बाई फुडला प्रश्न घ्याया लागल्या व्हत्या. त्येनं हात करून थांबवलं. म्हनला, त्यांचं होऊ द्या. तुमी कागद घडी घातला, तवाच फुडं गेला.”

संध्याकाळी विद्यापीठाकडून मला प्रमाणपत्र आले. ‘सक्रिय सहभागाबद्दल.’

दोनशे चौदा जणांनी जे ऐकले नाही, ते तुला एकट्याला लिहितो. त्यांच्यासाठी लिहिलेला मजकूर लांब होता, आणि त्यात ‘तत्कालीन परिस्थिती’ हा शब्दप्रयोग तीनदा होता. तो वगळतो. राहते ते एवढे :

रीत म्हणून एक जून लिहिला, असे मी तुला अकरा दिवसांपूर्वी कळवले. ते खोटे आहे. त्या आठ मुलांच्या तारखा कोणालाच ठाऊक नव्हत्या. तुझी मला ठाऊक होती : १९ नोव्हेंबर १९८०. त्या सकाळी तुझ्या आजोळच्या ओट्यावर मी बसलो होतो; सात वाजून दहा मिनिटे झाली होती. ती तारीख माझ्या दैनंदिनीत माझ्याच अक्षरात आहे. नोंदवही लिहिताना ती दैनंदिनी त्याच कपाटात होती.

आणि २००८ मध्ये मी तत्त्वासाठी अडून बसलो नाही. मी भ्यालो. सही केली असती तर खोटी नोंद केल्याची कबुली माझ्या निवृत्तीच्या कागदांना जोडली गेली असती. निवृत्तिवेतन अडले असते. समारंभासाठी बाळासोंनी आणलेला फेटा कपाटात राहिला असता. तू पाऊण तास बोलत होतास आणि मला त्यातला शब्दन् शब्द ऐकू येत होता. बाकांची संख्या बावीस होती. ती मी पहिल्याच मिनिटाला मोजली होती.

तू मला क्षमा करावीस, असे मी लिहीत नाही. ती मागण्याची माझ्यापाशी शुद्ध भाषा नाही, आणि तुझ्यापाशी ती देण्याचे कारण नाही. तुझ्या आईला मात्र राहायचे असेल तितके दिवस ठेवून घे. तिची गोळी जेवणाआधी.

तू टेबलावर ठेवून गेलेला मुद्रांक कागद माझ्यापाशी होता. सोबत पाठवत आहे. शीर्षकातील माझी लाल दुरुस्ती तशीच आहे. तू जेथे बोट ठेवले होतेस, तेथे सही केली आहे. आता त्याचा कोठेही काही उपयोग नाही, हे मला कळते. सहीखाली दिनांक आजचाच घातला आहे. मे २००८ चा घातला असता, तर ती आणखी एक खोटी नोंद झाली असती.

आबा